कोल्डवेल, आर. टी. (स्त्री)

कोल्डवेल, आर. टी. इंग्लिश रहस्यकथाकार. जन्म ब्रिस्टल, १८८९. काही काळ पोलिसांचा डॉक्टर. अविवाहित. एकवीस कादंबऱ्या, सर्व मलय भाषांतरात उपलब्ध. मूळ इंग्रजी आवृत्त्या सापडलेल्या नाहीत.

*

"तांते, गालाला पावडर राहिलीय."

"कुठल्या?"

"दक्षिणेकडच्या."

तांतेने बरोबर तोच गाल पुसला.

*

बर्फाची लादी कारखान्यातून निघते तेव्हा तिला भुशात लोळवतात, मग गोणपाटात गुंडाळतात. तरी घर येईपर्यंत अर्धी लादी रस्त्याची झालेली असते.

*

नियम सातवा : नोंद पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेल्या नावानेच होईल. संपादकाच्या मताने नव्हे.

*

सेकीच्या डावात जी बाई हरल्यासारखं तोंड करते तिच्याच हातात चांगली पानं असतात, हे गांग पिंगिरच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सगळे फसतात.

*

सुरी ताटाच्या मावळतीला होती.

*

स्वान्नी गोंदोकुसुमो ही बाई कॉलेजातून निवृत्त झाली तेव्हा सेमारांगमधल्या तिच्या विद्यार्थ्यांनी तिला एक छत्री भेट दिली आणि मोकळा श्वास घेतला. जिवंत माणसं तिच्या तावडीतून सुटली. आता ती मेलेल्यांच्या मागे लागली.

जावात मलय भाषेत रहस्यकथा लिहिणाऱ्या सगळ्यांचा कोश करायचा, असं तिच्या मनाने घेतलं. कोण, कुठला, जन्म कधी, मरण कधी, काय काय लिहिलं, कुणी छापलं, पुढे ते कुणी चोरून छापलं. ऐकायला सोपं. पण खुनाच्या गोष्टी लिहिणारा माणूस हा स्वतःच पहिला फरारी. एकेकाला पाच-पाच टोपणनावं. त्यात साठच्या दशकात चिनी नावं बदलून घेण्याची लाट आली आणि उरलीसुरली माणसंही सरकारी खिडकीपाशी रांगेत उभी राहून दुसरीच कुणी होऊन घरी गेली. एका लेखकाला तर दोन वर्तमानपत्रांनी दोन वेगळ्या वर्षी मारलं होतं. स्वान्नी दोन गावांच्या स्मशानात फिरली, दोन्हीकडे थडगं नाही, आणि शेवटी तो सालातिगाच्या वाटेवर कोंबड्या पाळताना सापडला. "मेलो ते बरं झालं," तो म्हणाला. "घेणेकरी यायचे थांबले."

कोश एका विद्यापीठाच्या नावाने निघणार होता. संपादक मंडळाचे अध्यक्ष डॉ. हेंड्रोयोनो. एके काळी तो स्वान्नीच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसून डुलक्या काढायचा, म्हणून ती त्याला अजून 'हेन' म्हणायची आणि तो तिला 'बू', म्हणजे बाई, म्हणायचा, इतरांसमोर जरा हळू आवाजात. डॉक्टर झाला तो कोल्डवेलवर. प्रबंधाचं नाव होतं 'कोल्डवेल यांचा जावातील रहस्यकथेवरील प्रभाव'. प्रभाव मोठाच होता. पन्नाशीच्या दशकात सेमारांग, सुराबाया, सोलो, कुठेही भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानात जा, कोल्डवेलची पुस्तकं शिवण सुटेपर्यंत वाचलेली असायची. आतल्या पानावर बारीक अक्षरात एवढंच: भाषांतर, श्रीमती टी. के. एन.

लेखक म्हटला की कोशात पहिल्या भागात नोंद, फोटोसह. भाषांतरकार म्हटला की शेवटी परिशिष्टात, एक ओळ. टी. के. एन. म्हणजे कोण ते कळत नाही तोवर ती ओळही अर्धीच राहणार. स्वान्नीला अर्धी ओळ दातात अडकलेल्या काडीसारखी खुपायची. तिने चिनी देवळाच्या मासिकात निवेदन दिलं: श्रीमती टी. के. एन. यांच्याविषयी माहिती असलेल्यांनी कळवावे. वारसांनीही कळवावे.

आठवड्याभरात फोन वाजला.

"वारस कशाला शोधतेस गं? मी मेलेय का?"

*

तिओ, क्योक निओ (पहिला कच्चा मजकूर)
जन्म : "तू काय जन्मपत्रिका जुळवतेयस?"
शिक्षण : "वाचता येतं."
इंग्रजी कुठे शिकलात? : "कोण म्हणालं शिकले?"

*

गांग पिंगिरमध्ये मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर तांते क्योक राहायची; तांते म्हणजे मावशी. नातवाचं दुकान. वय ऐंशीच्या पुढे, अंगावर फुलांचा ढगळ झगा, केसांना काळा रंग इतका गच्च की कपाळही थोडं रंगलं होतं. समोर दोन शेजारणी आणि सेकीचा डाव. स्वान्नी एकसष्ट वर्षांची, पण तांतेने तिला बघताक्षणी 'नोन' करून टाकलं, म्हणजे पोरगी.

"बस नोन. अशी पूर्वेला सरकून बस, पंख्याचं वारं लागेल. मारिएम, तुझी पानं झाक, ही शिकलेली आहे, डोळ्यांनी वाचते."

"तांते, कोल्डवेलची मूळ इंग्रजी पुस्तकं तुमच्याकडे कशी आली?"

"जहाजाने," तांते म्हणाली. शेजारणी खिदळल्या.

"खरं सांगा."

"खरं सांगून काय मिळतं? मी खरं सांगितलं होतं एकदा. पहिली गोष्ट लिहिली, सुराबायाच्या प्रकाशकाकडे घेऊन गेले. त्याने वाचली. चष्मा काढला. म्हणाला, फार छान, पण गांग पिंगिरच्या बाईला खुनातलं काय कळतं, लोक विश्वास ठेवणार नाहीत. मी म्हटलं, सासू, नणंद, चार जावा आणि एक चूल, मला नाही कळणार तर कुणाला? तो म्हणाला, खून इंग्रजांनीच करावेत. एखाद्या इंग्रजाचं भाषांतर असेल तर आण." तिने एक पान टाकलं. "मग आणलं."

"आणलं म्हणजे?"

"म्हणजे आणलं. ब्रिस्टलहून. डॉक्टर केला, म्हणजे प्रेताला हात लावायला मोकळा. लग्न नाही लावलं, कशाला एका बाईचं वाटोळं. प्रस्तावनेत सगळं दिलंय, वाचलं नाहीस?"

स्वान्नीने वाचलं होतं. सगळ्यांनी वाचलं होतं. हॉलंडमधल्या एका ग्रंथालयाच्या कार्डावर ती प्रस्तावना वाचूनच 'ब्रिस्टल, १८८९' लिहिलं होतं. इंग्लंडात निघालेल्या एका जाडजूड कोशाने ते कार्ड उतरवून घेतलं. आणि हेंड्रोयोनोच्या प्रबंधाने तो जाडजूड कोश. प्रत्येकाने आधीच्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि रांगेत सगळ्यात पुढे हातात पत्ते धरून ही बाई बसली होती.

"तांते, मी हे छापणार. तुम्ही लेखिका आहात."

"नको."

"नको?"

"तो चांगला माणूस होता गं. कधी हात उगारला नाही. कधी दारू प्यायला नाही. एकवीस पुस्तकं दिली मला. नवऱ्याने चार पोरं दिली आणि गेला. आता म्हातारपणी मी त्याचा गळा दाबू?"

"मग तुम्ही परिशिष्टात जाल. शेवटच्या पानांत. एक ओळ, आणि सरकारी नावाने. कुस्तियाती सेत्यादर्मा."

तांतेने पत्ते पालथे ठेवले. पहिल्यांदाच.

"ते नाव मी भरून दिलं नव्हतं. खिडकीमागच्या माणसाने त्याच्या मेव्हणीचं नाव ठेवलं मला. मेव्हणी आवडत नसणार त्याला." मग जरा थांबून म्हणाली, "शेवटच्या पानांत काय, मागच्या दारासारखं?"

"तसंच."

"मागच्या दाराने मी आयुष्यभर ये-जा केली. आता गुडघे दुखतात. पुढच्या दाराने नेणार असशील, बापाने ठेवलेल्या नावाने, तर ने. नाहीतर माझी ओळच नको. आणि त्याला मारू नकोस. हे तिन्ही जमत असेल तर परत ये. येताना तळलेलं ताहू पोंग आण, गरम. मारिएमला गार चालत नाही."

"मला चालतं," मारिएम म्हणाली.

"तुला हरलेलंपण चालतं. खेळ."

*

पुरावा लागणार होता. म्हातारीच्या बोलण्यावर हेन विश्वास ठेवणार नव्हता, कारण विश्वास ठेवला तर त्याचा प्रबंध एका नसलेल्या माणसाच्या प्रभावावर होता. हस्तलिखितं गेली होती. तांतेच्या जुन्या घरात एका पावसाळ्यात पाणी शिरलं, संपलं. प्रकाशक मेला होता. स्वान्नी घरी आली, कोल्डवेल काढून बसली आणि पहिल्यापासून वाचू लागली. लहानपणापासून वाचलेली पुस्तकं. तेव्हा कधी खटकलं नव्हतं ते आता खटकायला लागलं, आणि खटकलं म्हणून तिला स्वतःचंच हसू आलं, कारण खटकायला पन्नास वर्षं लागली होती.

ब्रिस्टलचे ते साहेब एकमेकांना म्हणत होते: "महाशय, आपली खुर्ची जरा उत्तरेला घ्या." नोकर म्हणत होता: "दिवा पश्चिमेच्या टेबलावर ठेवलाय." एका उमरावाला पूर्वेच्या दाढेत कळ होती.

इथे लोक असंच बोलतात. डावं-उजवं शाळेत शिकवतात आणि शाळेतच ठेवून येतात. लोर, किदुल, वेतान, कुलोन, चार दिशा प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून बसवलेल्या. स्वान्नी स्वतः फोनवर पत्ता सांगताना असंच सांगायची. म्हणून दिसलं नव्हतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही.

एवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. पण मग तिने नववं पुस्तक उघडलं, 'धुक्यातली मेजवानी', आणि शेवटाकडे पोचल्यावर उभीच राहिली.

*

"बू, हे भाषांतरकाराने घुसवलंय," हेंड्रोयोनो म्हणाला. त्याची कचेरी, दुपार, टेबलावर स्वान्नीनेच आणलेल्या विंगकोचे, नारळाच्या वड्यांचे, पुडे. मंडळाचे खजिनदार कोपऱ्यात बसून तिसरा विंगको सोलत होते. "स्थानिक रंग. मी प्रबंधात याच्यावर एक प्रकरण लिहिलंय. डाव्याचं तिने पश्चिम केलं असेल, उजव्याचं पूर्व."

"नववं पुस्तक आठवतं?"

"सगळी आठवतात."

"मग सांग, खुनी कसा पकडला जातो?"

हेंड्रोयोनोने चहाचा घोट घेतला. आठवत होतं, पण तो सावध झाला. वर्गात स्वान्नीने असा सोपा प्रश्न विचारला की मुलं खाली बघायची.

"मीच सांगते. खजिनदारसाहेब, तुम्हीही ऐका. एक व्यापारी जेवणाच्या टेबलावर मेलेला सापडतो. एका कारकुनावर संशय. कारकून म्हणतो, मी या घरात त्या रात्रीपर्यंत कधी पाऊल टाकलेलं नाही. मला बंद गाडीतून आणलं, बाहेर दाट धुकं, हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं, जिथे बसवलं तिथे बसलो. बरोबर?"

"बरोबर."

"मग जबानीत तो सहज बोलून जातो, 'सुरी ताटाच्या मावळतीला होती.' आणि फौजदार टेबलावर थाप मारतो. धुक्याच्या रात्री, बंद गाडीतून आलेल्या माणसाला परक्या घरात मावळत कशी कळली? याने हे घर दिवसा पाहिलंय. आधी येऊन गेलाय. लागला फास."

खजिनदारांचा विंगको हातातच राहिला. "अरे वा," ते म्हणाले. "हे चांगलं आहे."

"आता हेन, तू म्हणतोस मुळात 'डावीकडे' होतं आणि बाईने 'मावळतीला' केलं. मग मूळ पुस्तकात खुनी सापडतो कसा? 'सुरी ताटाच्या डावीकडे होती.' बरं, मग? आपला डावा हात ओळखला म्हणून आजवर कुणाला फाशी झालेली नाही. ती गोष्ट इंग्रजीत उभीच राहत नाही. ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्या डोक्यात दिशा होत्या. ब्रिस्टलमधल्या डोक्यात त्या नसतात."

मग हेंड्रोयोनोने पुडा एका बाजूला सारला. तसा तो वाईट माणूस नव्हता. पण खुर्चीवर बसून बसून त्याचा आणि खुर्चीचा आकार एक झाला होता.

"बू, तुमचं म्हणणं रंजक आहे. पण इंग्लंडच्या कोशात नोंद आहे त्याची. आपण नाही म्हटलं तर हसं होईल. आणि नियम सातवा आहे. मुखपृष्ठावरचं नाव. मुखपृष्ठावर कोल्डवेल आहे. कोल्डवेलची नोंद होणार, पहिल्या भागात, पानभर. बाई परिशिष्टात, ओळखपत्रावरच्या नावाने. मंडळाने ठरवलंय."

"मंडळाने म्हणजे तू."

"मी अध्यक्ष आहे, बू."

"वर्गात होतास तेव्हाही झोपेत हेच बडबडायचास."

खजिनदार खोकल्यासारखे हसले. स्वान्नी उठली, विंगकोचे उरलेले पुडे पिशवीत भरले (एक खजिनदारांकडे ठेवला) आणि दारापर्यंत गेली. तिथे थांबली.

"पुन्हा म्हण. कोल्डवेलची नोंद होणारच?"

"होणारच. नियम म्हणजे नियम."

"पानभर?"

"पानभर."

"लिहून दे."

त्याने दिलं. सहीसकट. आपण जिंकलो असं त्याला वाटलं असावं, कारण जाताना त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं.

*

पुढच्या बैठकीत स्वान्नीने पानभर मजकूर टेबलावर ठेवला. हेंड्रोयोनोने मोठ्याने वाचायला घेतला, आणि तिसऱ्या शब्दावर त्याचा आवाज घसरला.

"कोल्डवेल, आर. टी. (स्त्री). जन्म सेमारांग, गांग पिंगिर. वडील तिओ बिंग हो, बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस. वडिलांनी ठेवलेले नाव तिओ क्योक निओ. ब्रिस्टलला कधीही गेल्या नाहीत. पोलिसांत कधीही नव्हत्या. चार मुले. एकवीस कादंबऱ्या, सर्व मूळ मलय भाषेत. भाषांतरकार म्हणून छापलेली आद्याक्षरे त्यांचीच..." त्याने कागद खाली ठेवला. "बू, हे काय आहे?"

"कोल्डवेलची नोंद. मुखपृष्ठावरच्या नावाने. नियम सातवा."

"पण ही त्याची माहिती नाही!"

"त्याचीच आहे. तुझ्या नियमात नोंद कुठल्या नावाने करायची ते लिहिलंय. त्या नावाचा माणूस बाई असू नये असं कुठे लिहिलंय? दाखव. मी बसते."

ती खरंच बसली. छत्री मांडीवर आडवी. खजिनदारांनी नियमांची पुस्तिका उघडली, पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली. "नाही बुवा," ते शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात फारसं दुःख नव्हतं.

"हे छापलं जाणार नाही," हेंड्रोयोनो म्हणाला. त्याचे कान तांबडे झाले होते.

"मग माझंही नाव काढ. आणि माझ्या नावाबरोबर मी शोधलेली माणसंही जातील. कोंबडीवाल्यापासून सगळी. तू इंग्लंडच्या कोशातून उतरवून घे, त्यांच्याकडे आपल्यातला एकच लेखक आहे आणि तो ब्रिस्टलचा आहे."

"बू, माझ्या प्रबंधाचं काय?"

आता तो अध्यक्ष बोलत नव्हता, शेवटून दुसऱ्या बाकावरचा पोरगा बोलत होता. स्वान्नीचा आवाज किंचित उतरला. किंचितच.

"तुझा प्रबंध खरा आहे, हेन. प्रभाव होता की. फक्त तो प्रभाव गांग पिंगिरहून निघाला आणि गांग पिंगिरलाच पोचला. एक प्रकरण नव्याने लिही. नाहीतर दुसरा कुणीतरी लिहील, आणि तू तळटीपेत जाशील. तिथे गर्दी असते."

घासाघीस दुपार उलटून गेली तरी चालली. शेवटी तो एका गोष्टीवर अडला: नोंद जाईल, पण तिच्याखाली एक ओळ येईल, 'संपादक मंडळ या नोंदीतील मजकुराशी सहमत नाही.'

"घाल," स्वान्नी म्हणाली. "ठळक अक्षरात घाल."

*

कोश आल्यावर ती ताहू पोंग घेऊन माडी चढली. गरम. तांतेने जाड भिंग घेतलं आणि आपलं पान दोनदा वाचलं, मग खालची ठळक ओळ तीनदा.

"हे काय, भांडण?"

"भांडण. अख्ख्या कोशात एकाच नोंदीखाली आहे."

"मग सगळे आधी हेच पान उघडतील." तिने भिंग पुसलं. "हुशार आहेस नोन. पुढचं दार, बापाचं नाव, आणि डॉक्टरही जिवंत. पण फोटो?"

फोटोच्या जागी रिकामी चौकट होती. तांतेनेच फोटो द्यायला नकार दिला होता. म्हणाली होती, डॉक्टरचा चेहरा वाचकांनी साठ वर्षं आपापल्या मनात काढलाय, मी कुणाचा खोडू?

"फोटो तुम्हीच नको म्हणालात."

"आठवतंय. तू विसरलीस का ते बघत होते."

वर्षभराने इंग्लंडच्या कोशाची नवी आवृत्ती निघाली. त्यांनी दुरुस्ती केली होती. 'इंग्लिश रहस्यकथाकार' तसंच होतं, पण 'अविवाहित' काढून 'चार मुले' घातलं होतं, आणि लेखकाची लेखिका झाली होती. जन्म मात्र ब्रिस्टल, १८८९. त्या हिशेबाने तांतेने शंभरी कधीच ओलांडली होती. स्वान्नी चिडून त्यांना कडक पत्र लिहायला बसली, तेव्हा तांतेने फोनवरून तिला थांबवलं.

"राहू दे गं. ब्रिस्टलकडे तेवढीच एक धड बाई होईल. तू ये, मारिएम आजारी आहे, तिसरी हवी डावाला. आणि येऊन दक्षिणेला बस. उत्तरेच्या जागेवरून माझी पानं दिसतात."

स्वान्नी गेली. उत्तरेला बसली.

*

क्योक निओचे वडील ज्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहीत, तिथल्या मोठ्या यंत्रावर पितळेची पाटी होती : आर. टी. कोल्डवेल आणि पुत्र, ब्रिस्टल, १८८९.